घरातील जुना ऐवज लिलावाला देताना: कोणते काम आधी, कोणते नंतर

आजीचा तन्मणी, आजोबांचे खिशातले सोन्याचे घड्याळ किंवा दिवाणखान्यातले जुने तैलचित्र लिलावाला द्यायचे ठरले, की बहुतेक घरांत पहिली फेरी सोनाराकडे, घड्याळजीकडे किंवा फ्रेमवाल्याकडे होते. दागिना उजळून घेतला जातो, घड्याळाची डायल नव्याने रंगवली जाते, चित्रावर ओला बोळा फिरवला जातो आणि मग सजवलेली वस्तू लिलावसंस्थेपुढे ठेवली जाते. नेमक्या याच कामांमुळे वस्तूची किंमत सर्वांत जास्त उतरते, आणि उतरलेली ती किंमत पुढे कोणत्याही कौशल्याने परत मिळत नाही.

हे मार्गदर्शन महाराष्ट्रात राहणाऱ्या आणि वारशाने आलेला ऐवज मुंबईतील लिलावसंस्थेमार्फत विकू पाहणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पार पाडावेत. पहिला टप्पा पूर्ण होईपर्यंत वस्तू घराबाहेर किंवा लॉकरबाहेर काढण्याचे कारण नाही.

टप्पा १: मालकी आणि कायदा

*मालकी कोणाची?*

लिलावसंस्था करार करताना तुमच्याकडून लेखी हमी घेते, की वस्तूची मालकी निर्विवाद तुमची आहे आणि तिच्यावर दुसऱ्या कोणाचाही हक्क नाही. ही हमी खोटी ठरली, तर विक्री रद्द होऊन झालेले नुकसान तुम्हाला भरावे लागू शकते. म्हणून वस्तू नेमकी कोणाकडून कोणाकडे आली, हे आधी कागदावर उतरवावे. येथे सर्वांत जास्त घोळ दागिन्यांबाबत होतो. आईच्या अंगावरचे दागिने हे तिचे स्त्रीधन असते. ते वडिलांच्या मिळकतीचा भाग नसते. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल, तर त्यावर मुलगे, मुली आणि पती या सर्वांचा हक्क पोहोचतो. लग्न होऊन गेलेल्या बहिणीला न विचारता "घरचे दागिने" विकण्याची सवय अनेक घरांत आहे, आणि विक्रीनंतरच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तेथेच सापडते.

मृत्युपत्र, वाटणीपत्र किंवा इतर वारसांचे ना-हरकत पत्र यांपैकी जे लागू असेल ते हाताशी ठेवावे. ना-हरकत पत्रात "आईचे सर्व दागिने" असे मोघम न लिहिता प्रत्येक नगाचे वर्णन आणि वजन लिहावे, आणि शक्यतो छायाचित्रही जोडावे.

*विकताच न येणाऱ्या वस्तू*

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वाघनखे आणि हस्तिदंत यांची विक्री करता येत नाही. सोन्यात मढवलेले वाघनखाचे पदक, हस्तिदंती बांगड्या, हस्तिदंताच्या मुठीची काठी, हस्तिदंताच्या पातळ पत्र्यावर रंगवलेली लघुचित्रे या वस्तू आपल्याकडच्या जुन्या घरांत हमखास निघतात. वस्तू फार जुनी आहे, त्या वेळी शिकार कायदेशीर होती किंवा सोने वेगळे आणि नख वेगळे आहे, यांपैकी कोणत्याही कारणाने विक्रीला मुभा मिळत नाही. अशी वस्तू बाजूला काढावी, तिचे छायाचित्र कोणत्याही व्यापाऱ्याला पाठवू नये आणि ती बाळगण्याच्या कागदपत्रांविषयी वकिलाचा सल्ला घ्यावा.

*शंभर वर्षांची रेघ*

पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आहे. त्यानुसार किमान शंभर वर्षे जुनी कलावस्तू ही पुरावशेष ठरते. ऐतिहासिक, वैज्ञानिक, साहित्यिक किंवा कलात्मक मोलाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. पुरावशेषाची देशांतर्गत विक्री करता येते, परंतु असा व्यवसाय करणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. शंभर वर्षांहून जुनी चित्रे, मूर्ती आणि सचित्र पोथ्या यांची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदणी आवश्यक असते, आणि मालकी बदलली की तेही कळवावे लागते. नोंदणी राहून गेली असेल, तर आधी ती करून घ्यावी, लिलाव त्यानंतर.

पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहणारा भाऊ "मी येताना घेऊन जातो, तिकडच्या लिलावात चांगली किंमत येईल" असे म्हणतो, आणि पणजीचा हार हातसामानातून निघतो. हा कायद्याचा भंग आहे आणि विमानतळावर वस्तू जप्त होऊ शकते. वस्तूच्या वयाविषयी शंका असेल, तर ती पुरावशेष नसल्याचा दाखला पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळतो. तो हाती आल्याशिवाय जुनी दिसणारी कोणतीही कलावस्तू परदेशी पाठवू नये.

याखेरीज नऊ चित्रकारांच्या कलाकृती त्यांचे वय कितीही असले, तरी बहुमूल्य कलाकृती म्हणून देशाबाहेर नेता येत नाहीत. राजा रविवर्मा, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ टागोर, नंदलाल बोस, जामिनी रॉय, अमृता शेरगिल, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक हे ते नऊ. त्यांच्या चित्राला बोली लावणाऱ्या ग्राहकाला ते भारतातच ठेवावे लागते.

> तपासणी: प्रत्येक वस्तूपुढे तीन प्रश्नांची लेखी उत्तरे आहेत का? ती कोणाची आहे, ती विकता येते का, आणि तिचे वय शंभर वर्षांच्या अलीकडचे आहे की पलीकडचे? एकही प्रश्न अनुत्तरित असेल, तर त्या वस्तूपुरते येथेच थांबावे.

टप्पा २: आहे त्या स्थितीची नोंद

वस्तू आज जशी आहे तशीच नोंदवून ठेवणे हे या टप्प्याचे एकमेव काम आहे. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, पांढऱ्या किंवा करड्या सुती कापडावर वस्तू ठेवून छायाचित्रे घ्यावीत. फ्लॅश वापरू नये, कारण त्यामुळे सोने पांढरट दिसते आणि काचेमागचे चित्र दिसेनासे होते. दागिन्याची पुढची बाजू सर्वच जण टिपतात. जाणकाराला मात्र मागची बाजू, फासा, गोंडा, सुटी कडी आणि अक्षरांचे ठसे पाहायचे असतात. चित्राच्या बाबतीत सही जितकी महत्त्वाची, तितकीच फ्रेमची मागची बाजू महत्त्वाची असते. घड्याळाची डायल, बाजू, चावी, मागचे झाकण आणि पट्ट्याचे कुलूप या पाच जागा टिपाव्यात.

वजन ग्रॅममध्ये घ्यावे आणि ते एकूण वजन आहे, असे स्पष्ट लिहावे. जडावाच्या दागिन्यात आत लाख भरलेली असते, वर खडे असतात, दोरा आणि गोंडा असतो. त्यामुळे एकूण वजन म्हणजे सोन्याचे वजन नव्हे. लाख काढून "खरे वजन" पाहण्याचा आग्रह कोणी धरला, तर त्याला ठाम नकार द्यावा.

जुन्या वहीत किंवा लग्नाच्या यादीत तोळ्यांत नोंद असेल, तर एक चूक टाळावी. आज बाजारात तोळा म्हणजे दहा ग्रॅम असे सरसकट धरले जाते. जुना तोळा मात्र ११.६६ ग्रॅमचा होता. त्याचे बारा मासे, आणि प्रत्येक माशाच्या आठ गुंजा. पाच तोळ्यांच्या पाटल्यांचे वजन ५८.३ ग्रॅम भरले, तर नोंद आणि वस्तू जुळतात. हाच हिशोब दहा ग्रॅमने केला, तर ८.३ ग्रॅमची तफावत दिसते आणि ही वस्तू ती नव्हेच, असा चुकीचा निष्कर्ष निघतो. जुळलेली जुनी नोंद हा वस्तूच्या पूर्वेतिहासाचा उत्तम पुरावा असतो, म्हणून ते पान जपावे.

टप्पा ३: वस्तूला काय करू नये

या टप्प्यात काहीही करायचे नाही, तरीही तो सर्वांत अवघड आहे, कारण वस्तू नीटनेटकी करून द्यावी ही इच्छा आवरत नाही.

*दागिने*

कुंदन आणि पोलकीच्या (पैलू न पाडलेल्या हिऱ्यांच्या) जुन्या दागिन्यांत खडा मागून बंद असतो आणि त्याच्याखाली चमकदार वर्ख बसवलेला असतो. खड्याचे तेज बऱ्याच अंशी त्या वर्खावर अवलंबून असते. दागिना रिठ्याच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवला, की पाणी आत शिरते, वर्ख काळा पडतो आणि हिरा कायमचा निस्तेज दिसू लागतो. सोनाराकडच्या सफाईच्या कंपनयंत्रात (अल्ट्रासोनिक) हेच काही मिनिटांत होते. मोत्यांना आम्ल चालत नाही, त्यामुळे लिंबू आणि चिंच दूर ठेवावी. पाचूमध्ये पूर्वापार तेल मुरवलेले असते; ते गरम पाण्याने निघून जाते आणि आतल्या भेगा उघड्या पडतात.

दागिना गाठवून घेण्याविषयी मी स्वतःच्या घरचा अनुभव सांगते. माझ्या आत्याचा तन्मणी दोरा जीर्ण झाला म्हणून आम्ही नव्याने गाठवून घेतला. परत आला तेव्हा तो सुंदर दिसत होता. पुढे तपासणीत त्यातील काही मोती संवर्धित (शिंपल्यात माणसाने वाढवलेले) निघाले आणि ते आधीपासून होते की गाठवताना आले, हे सांगायला आमच्याकडे एकही जुने छायाचित्र नव्हते. मोती मोजलेले नव्हते, जुना दोरा फेकून दिलेला होता. दोरा तुटायला आला असेल, तर दागिना आडवा ठेवून मऊ कापडात गुंडाळावा आणि तसाच लिलावसंस्थेकडे न्यावा. गाठवण्याचे काम आवश्यक असेल, तर ते तपासणीनंतर आणि आपल्या डोळ्यांदेखत व्हावे.

जुन्या नगावर हॉलमार्क उमटवून घेण्याचीही गरज नसते. कुंदन, पोलकी आणि जडाव दागिने हॉलमार्कच्या सक्तीतून वगळलेले आहेत. सोन्याचा कस पाहायचा असेल, तर क्ष-किरणांवर चालणाऱ्या यंत्राने पाहावा, कारण त्यात वस्तूला ओरखडा पडत नाही. कसोटीवर घासणे, कानस लावणे किंवा तुकडा गाळून पाहणे यांना परवानगी देऊ नये.

*घड्याळे*

जगभरच्या संग्राहकांमध्ये मुंबईच्या नावाचा एक खेदजनक वाक्प्रचार रूढ आहे. डायल नव्याने रंगवलेल्या, निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून उभ्या केलेल्या जुन्या मनगटी घड्याळाला ते "मुंबई स्पेशल" म्हणतात. यामुळे मुंबईहून येणाऱ्या अस्सल घड्याळाकडेही खरेदीदार आधी संशयाने पाहतो. म्हणून पिवळी पडलेली, डाग पडलेली, पण मूळ असलेली डायल हे आपल्या घड्याळाचे मोठे बळ असते. ती "नवीकोरी" करून घेतली, की हे बळ उरत नाही.

डायल मूळ आहे का, हे भिंगाने प्राथमिक पातळीवर पाहता येते. अक्षरे एकसारख्या जाडीची आणि काठाला तीक्ष्ण आहेत का. मिनिटांच्या रेघा डायलच्या कडेशी समान अंतरावर आहेत का. सहाच्या आकड्याखाली स्विस उत्पादनाचा बारीक मजकूर जागेवर आहे का. सेकंदाच्या छोट्या वर्तुळाचा मध्य काट्याच्या मध्याशी जुळतो का, हे पाहावे. शंका आली, तरी निष्कर्ष स्वतः काढू नये. फक्त नोंद करावी.

घड्याळाच्या केसला, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाला, पॉलिश करू नये. पॉलिशने कडांची धार जाते, मागचे ठसे पुसट होतात आणि धातू कमी होतो. बरीच वर्षे बंद असलेले घड्याळ चावी देऊन चालू करून पाहू नये. आतले तेल सुकलेले असते आणि कोरड्या चक्रांना इजा होते. अंधारात चमकणारे काटे असलेले, १९६० च्या आधीचे घड्याळ घरी उघडू नये. त्या काळी चमकण्यासाठी रेडियम वापरत असत, त्याची भुकटी श्वासातून जाणे धोक्याचे असते.

घड्याळासोबतचा डबा, हमीपत्र, दुकानाची पावती, दुरुस्तीच्या चिठ्ठ्या, मूळ पट्ट्याचे कुलूप, अगदी तुटलेली चावीसुद्धा एकत्र ठेवावी. निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेल्या घड्याळामागचा नाव-तारखेचा कोरीव मजकूर काही जण घासून काढतात. तसे करू नये. तो मजकूर घड्याळाचा काळ ठरवण्यास मदत करतो.

*चित्रे*

तैलचित्रावरची धूळही मऊ कोरड्या ब्रशने झटकायची की नाही, हे तज्ज्ञाने ठरवावे, कारण रंगाचे पापुद्रे सुटलेले असतील तर ब्रशसोबत तेही निघतात. ओले कापड, पावाचा गर, बटाट्याची फोड आणि जवसाचे तेल हे घरगुती उपाय चित्रासाठी घातक आहेत. कॅनव्हास फ्रेममधून काढून गुंडाळू नये. कागदावरच्या चित्राला मागून चिकटपट्टी लावू नये, आणि लावलेली असेल तर ती ओढून काढू नये. बुरशीचे ठिपके दिसत असतील, तर चित्र बाहेरच्या ओलसर भिंतीवरून उतरवून आतल्या कोरड्या खोलीत उभे ठेवावे. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत एवढी एकच गोष्ट केली, तरी पुष्कळ नुकसान टळते.

जुनी फ्रेम बदलू नये. फ्रेमच्या मागे बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनाची चिठ्ठी, फ्रेम बनवणाऱ्याचे लेबल, किमतीचा पेन्सिलने लिहिलेला आकडा किंवा कलादालनाचा शिक्का असू शकतो. चित्रकाराच्या सहीची नक्कल करता येते. मागच्या बाजूच्या या खुणा एकमेकींशी जुळवून बनावट करणे फार अवघड असते. फ्रेमवाला मागचा पुठ्ठा बदलतो आणि जुना टाकून देतो, त्याबरोबर चित्राचा निम्मा पुरावा जातो.

रविवर्म्यांच्या नावाच्या वस्तूंविषयी एक स्वतंत्र सूचना. आपल्या घरांत असलेली लक्ष्मी, सरस्वती किंवा मेनका-विश्वामित्राची चित्रे बहुतांशी छापील असतात, त्यांतील पुष्कळ लोणावळ्याजवळच्या मळवली येथील छापखान्यात छापली गेली. भिंगातून पाहिल्यास छपाईचे ठिपके दिसतात आणि खालच्या कडेला बहुधा छापखान्याचे नाव असते. ही छापील चित्रेही विकली जातात, जरीकाम आणि मणी लावलेल्या प्रतींना ग्राहकही असतात, परंतु त्यांची तुलना मूळ तैलचित्रांच्या कोट्यवधींच्या आकड्यांशी करू नये. खालची कडा कापून फ्रेमच्या मापात बसवलेली असेल, तर ते आधीच सांगावे.

> सावधान: या टप्प्यापर्यंत कोणी "आम्हीच आज रोख घेतो" असे म्हटले, तर व्यवहार करू नये. वस्तू काय आहे हे अजून तुम्हाला माहीत नाही. कदाचित समोरच्याला माहीत आहे.

टप्पा ४: पुरावे आणि चाचण्या

आता पूर्वेतिहास जुळवायचा. वस्तू अंगावर किंवा भिंतीवर दिसणारी लग्नमुंजीची छायाचित्रे, पावत्या, विम्याची कागदपत्रे, मूल्यांकनाचे जुने अहवाल, चित्रकाराची पत्रे, प्रदर्शनाची पुस्तिका यांच्या प्रती क्रमाने लावाव्यात. तोंडी माहितीही लिहावी, पण ती वेगळ्या कागदावर आणि "कुटुंबातील माहितीनुसार" असे नमूद करून. "पेशवेकालीन" किंवा "बडोद्याच्या राजवाड्यातील" असे पुराव्याशिवाय लिहिले, की तज्ज्ञ उरलेल्या खऱ्या माहितीवरही अविश्वास दाखवतो.

चाचण्या सरसकट करू नयेत, कारण त्या महाग असतात आणि प्रत्येक वस्तूला लागत नाहीत. मोती नैसर्गिक म्हणजे ज्यांना आपण बसरा म्हणतो ते आहेत, की संवर्धित, हे डोळ्यांनी किंवा दातावर घासून ठरत नाही. दातावर घासल्यावर खरखरीत लागणारा मोती संवर्धितही असू शकतो. त्यासाठी क्ष-किरण तपासणी करणारी रत्नपरीक्षण प्रयोगशाळाच हवी, आणि दोन्हींच्या किमतींत एवढे अंतर असते की हा खर्च बहुधा वसूल होतो. मोठा माणिक, पाचू किंवा नीलम असेल, तर त्यावर प्रक्रिया झाली आहे का, हेही तपासावे. चाचणीसाठी खडा काढावा लागणार असेल, तर मात्र लिलावसंस्थेला विचारूनच निर्णय घ्यावा. घड्याळांच्या बाबतीत पाटेक फिलिप आणि लाँजिन यांसारख्या काही कंपन्या क्रमांकावरून जुन्या नोंदींचा उतारा देत आल्या आहेत, तर रोलेक्स असा उतारा देत नाही. चित्राच्या बाबतीत चित्रकाराच्या कुटुंबाकडून किंवा त्याच्या नावाच्या प्रतिष्ठानकडून मत मागवता येते. तसे मत मागवण्याआधी लिलावसंस्थेचा सल्ला घ्यावा, कारण एकदा प्रतिकूल मत नोंदले गेले, की ते चित्राला कायमचे चिकटते.

टप्पा ५: लिलावसंस्था निवडणे आणि अंदाज समजून घेणे

मुंबईत सॅफरनआर्ट, अस्तगुरू, पंडोल्स यांसारख्या संस्था आहेत आणि प्रत्येकीचा जोर वेगळ्या विभागावर असतो. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्यासारख्या वस्तू कोणी विकल्या आणि त्यांतील किती विकल्या गेल्याच नाहीत, हे संकेतस्थळावरील निकालांतून पाहावे. एकाच वेळी दोन किंवा तीन संस्थांना तीच छायाचित्रे आणि तीच माहिती पाठवावी. दहा ठिकाणी वस्तू फिरवली, की बाजारात ती "फिरलेली" म्हणून ओळखली जाते आणि तिच्याविषयीची उत्सुकता मरते.

जाहीर निकालांतील आकडा वाचताना एक गैरसमज होतो. तो आकडा बहुधा खरेदीदाराने भरलेल्या अधिभारासह, म्हणजे बायर्स प्रीमियमसह असतो. समजा, बोली १०,००,००० रुपयांवर थांबली आणि प्रीमियम २० टक्के आहे. निकालात १२,००,००० दिसतील. विकणाऱ्याचा हिशोब मात्र १०,००,००० पासून सुरू होतो. त्यातून १० टक्के कमिशन धरले तर १,००,००० रुपये, त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटीचे १८,००० आणि विम्याचे १ टक्का धरून १०,००० वजा केले, की हाती ८,७२,००० येतात, तेही आयकरापूर्वी. निकालातील बारा लाख आणि हातातील पावणेनऊ लाख यांतले हे अंतर आधी कळले नाही, की फसवल्याची भावना होते.

सर्वांत मोठा अंदाज, म्हणजे लिलावाआधी सांगितलेली किमान-कमाल अपेक्षित किंमत, देणाऱ्या संस्थेलाच वस्तू देणे ही आणखी एक नेहमीची चूक. उंच अंदाज पाहून बोली लावणारे मागे सरतात. माफक अंदाज ठेवला, की दोन-तीन जण रिंगणात उतरतात आणि किंमत त्यांच्या चढाओढीतून वाढते. अंदाज कशाच्या आधारे दिला, हे विचारावे. उत्तरात मागच्या विक्रीची तीन-चार उदाहरणे मिळाली पाहिजेत.

टप्पा ६: करारनामा

करारावर सही करण्याआधी तो दोन दिवस घरी ठेवून वाचावा. पुढील बाबी त्यात आकड्यांनिशी असाव्यात: कमिशनचा दर, छायाचित्रण, कॅटलॉग, विमा आणि वाहतूक यांचा खर्च कोणाचा, राखीव किंमत, वस्तू मागे घेतल्यास दंड, वस्तू न विकल्यास आकार, आणि पैसे किती दिवसांत मिळणार. कमिशनवर बोलणी करता येते, विशेषतः वस्तू एकापेक्षा अधिक असतील तेव्हा. तसे विचारण्यात संकोच करू नये.

राखीव किंमत म्हणजे जिच्या खाली वस्तू विकायची नाही ती गुप्त मर्यादा. ती सामान्यतः अंदाजाच्या खालच्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी असते. ती लेखी ठरवावी, आणि लिलावाच्या दिवशी तुमच्या संमतीशिवाय ती कमी करण्याचा अधिकार संस्थेला दिला आहे का, ते कलम शोधावे. विमा अंदाजाच्या कोणत्या आकड्यावर आहे आणि तो वस्तू तुमच्या दारातून निघाल्यापासून लागू होतो की संस्थेत पोहोचल्यापासून, हेही पाहावे. अपघात बहुतेक वेळा वाटेतच होतात.

> सावधान: विक्रीनंतर वस्तू बनावट ठरल्यास पैसे परत करण्याचे कलम जवळपास प्रत्येक करारात असते. त्याची मुदत पाहून ठेवावी आणि तोपर्यंत ती सर्व रक्कम खर्च करू नये.

टप्पा ७: सुपूर्द करणे आणि कॅटलॉग वाचणे

वस्तू देताना मिळणाऱ्या पावतीवर प्रत्येक नगाचे वर्णन, एकूण वजन आणि स्थिती लिहिलेली असावी, आणि ती दुसऱ्या टप्प्यातील तुमच्या नोंदीशी तेथेच उभे राहून ताडून पाहावी. "एक पिवळा धातूचा हार" एवढ्या वर्णनावर सही करू नये.

कॅटलॉगचा मसुदा तपासायला मागावा. इंग्रजी कॅटलॉगमध्ये चित्रकाराचे नाव कसे येते, यावर किंमत ठरते. नुसते नाव असेल, तर संस्था ते चित्र त्याचेच मानते. "अट्रिब्युटेड टू" म्हणजे बहुधा त्याचे. "सर्कल ऑफ" म्हणजे त्याच्या सहवासातील कोणाचे तरी. "आफ्टर" म्हणजे त्याच्या चित्राची नक्कल. "साइन्ड" आणि "बेअर्स सिग्नेचर" यांतही फरक आहे: पहिल्यात सही चित्रकाराची मानली आहे, दुसऱ्यात चित्रावर सही आहे एवढेच म्हटले आहे. वर्णन बदलले असेल, तर अंदाज का बदलला नाही किंवा का बदलला, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. दागिन्यांच्या नावांतही चुका होतात; चिंचपेटीला सरसकट मोत्यांचा चोकर म्हटले जाते, ठुशी आणि मोहनमाळ यांची अदलाबदल होते. मराठी खरेदीदार नेमक्या नावानेच शोधतो, म्हणून ती दुरुस्त करून घ्यावीत.

टप्पा ८: लिलाव आणि त्यानंतर

लिलावाच्या दिवशी विकणाऱ्याला काही काम नसते. स्वतःच्या वस्तूवर स्वतः किंवा नातेवाइकांमार्फत बोली लावून किंमत चढवू नये. ती फसवणूक आहे आणि करारभंगही.

संस्था खरेदीदाराकडून पैसे आल्यानंतरच तुम्हाला देते, त्यामुळे काही आठवड्यांचा अवधी धरून चालावे. रक्कम बँकेमार्फतच घ्यावी; एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे.

दागिने, चित्रे आणि कलाकृती वैयक्तिक वापराच्या असल्या, तरी त्यांच्या विक्रीतील नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागतो. वारशाने आलेल्या वस्तूचा काळ मूळ मालकाकडे ती आली तेव्हापासून मोजला जातो, आणि ती १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल, तर त्या तारखेचे वाजवी बाजारमूल्य खर्च म्हणून धरता येते. ते नोंदणीकृत मूल्यांककाकडून लिहून घ्यावे, आणि वस्तू हातात असतानाच घ्यावे. विकल्यानंतर मूल्यांकक छायाचित्रावरून मत देण्यास तयार नसतो. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीत, २४ महिन्यांहून अधिक काळ बाळगलेल्या अशा वस्तूंच्या नफ्यावर महागाई निर्देशांकाचा लाभ न देता १२.५ टक्के दर आहे. घड्याळ सोन्याचे किंवा रत्नजडित असेल, तर ते दागिना ठरते का, हा प्रश्न सनदी लेखापालापुढे आधीच ठेवावा.

वस्तू विकली गेली नाही, तर लगेच पुढच्या लिलावात कमी अंदाजाने लावण्याचा आग्रह होईल. तो सहसा मान्य करू नये. न विकल्याचा निकाल सर्वांना दिसतो, आणि तीच वस्तू दोन-तीन महिन्यांत पुन्हा आली, की खरेदीदार तिची किंमत स्वतःच पाडतात. किमान दोन वर्षे थांबणे बरे. वस्तू परत घेताना दुसऱ्या टप्प्यातील छायाचित्रे सोबत न्यावीत. मोती मोजावेत, वजन करावे, घड्याळाचे मागचे झाकण आणि चित्राची मागची बाजू ताडून पाहावी, आणि सर्व जुळल्यावरच परतीच्या पावतीवर सही करावी.